बंदीचा कागद येण्याआधी

बाळा, वडिलोपार्जित माळावर तू दगडखाण आणि खडीचा क्रशर उभा करतो आहेस. पुणे-नाशिक रस्त्याची कामं, गावोगावची घरं, शेततळी आणि पूल यांमुळे खडीला मागणी आहे. बँक कर्ज द्यायला तयार आहे, तहसीलदारांकडची फाइलही पुढे सरकली आहे. खर्च-उत्पन्नाचं गणित तू माझ्याहून चांगलं मांडतोस. मी सांगणार आहे ते वेगळं. एखाद्या सकाळी शासनाचा, न्यायालयाचा नाहीतर हरित लवादाचा कागद येतो आणि चालती खाण जागच्या जागी थांबते. त्यातून कोण तगतं, कोण बुडतं आणि का, ते आज सांगतो.

आपलं आंबेगाव तालुक्यातलं पारगाव सोडून माझी उमेदीची वर्षं गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या लोहखनिजाच्या खाणींवर मोजणी आणि हिशेबाच्या कामात गेली. सप्टेंबर २०१२ मध्ये एका आदेशाने राज्यातल्या सगळ्या खाणी थांबल्या तेव्हा मी तिथे होतो. मोठी घराणी, लहान पट्टेदार, ट्रकमालक, बार्जमालक, गॅरेजवाले अशा सगळ्यांचं पुढे काय झालं ते पाहिलं. त्यातून पक्कं झालेलं सूत्र असं: बंदीच्या दिवशी नवं काही कमावता येत नाही. चालत्या दिवसांत ज्याने कागद, रोकड आणि गावाचा विश्वास जमवला, तोच उभा राहतो. पुढचं सगळं याच सूत्राचा विस्तार आहे.

१. खाणपट्ट्याला सातबारा समजू नकोस

माळ आपल्या नावावर आहे. त्यातल्या दगडावर मात्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे राज्याचा हक्क सांगितलेला आहे. आपल्याला मिळतो तो खाणपट्टा: ठरलेल्या मुदतीचा, ठरलेल्या हद्दीतला, ठरलेल्या परिमाणाचा.

गोव्यात लोक हे विसरले. पोर्तुगीज काळात मिळालेल्या खाणींच्या सनदा घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या होत्या, त्यामुळे सगळे त्यांना मालमत्ताच मानत. १९८७ च्या केंद्राच्या कायद्याने त्या रद्द होऊन त्यांचे खाणपट्टे झाले. पुढे २१ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती. म्हणजे त्यानंतर सप्टेंबर २०१२ पर्यंत जे उत्खनन झालं, ज्यावर रॉयल्टी भरली गेली आणि जे मुरगाव बंदरातून जहाजांत चढलं, ते सगळं पट्टा नसताना झालं. निकालानंतर राज्याने ८८ पट्ट्यांचं दुसऱ्यांदा नूतनीकरण केलं. तेही ७ फेब्रुवारी २०१८ ला रद्द झालं आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या.

यातून घ्यायचं ते हे, की अधिकारी चालू देतात म्हणजे आपल्याला हक्क आहे असं होत नाही. खाणपट्टा, पर्यावरण मंजुरी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र, स्फोटकांचा परवाना, अकृषिक परवानगी, या प्रत्येकाची अखेरची तारीख एका कागदावर लिही आणि तो कागद कचेरीच्या भिंतीवर लाव. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या बराच आधी दे आणि पोच जपून ठेव. कर्जाचा शेवटचा हप्ता पट्ट्याच्या शेवटच्या तारखेच्या आधी फिटला पाहिजे. बँक मोठ्या मुदतीचं कर्ज देऊ करेल, तेव्हा ही तारीख डोळ्यांसमोर ठेव.

२. अचानक आलेली बंदी आधी दिसत असते

गोव्याची बंदी १० सप्टेंबर २०१२ ला आली, पण तिची चाहूल दोन वर्षं लागलेली होती. बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी केंद्राने न्यायमूर्ती शहा आयोग नोव्हेंबर २०१० मध्ये नेमला होता. शेजारच्या कर्नाटकात बळ्ळारीच्या खाणी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये थांबवल्या होत्या. गोवा विधानसभेची लोकलेखा समिती मनोहर पर्रीकरांच्या अध्यक्षतेखाली याच विषयाचे कागद तपासत होती. गोवा फाउंडेशन ही पर्यावरणवादी संस्था वर्षानुवर्षं न्यायालयात जात होती. आणि खुद्द रस्त्यावर दिसत होतं, की चीनच्या मागणीपायी हलक्या प्रतीची मातीसुद्धा विकली जाते आहे, ट्रकांच्या रांगांमुळे मुलांना शाळेत जाणं अवघड झालं आहे आणि शेतात लाल चिखल उतरतो आहे. भाव चढा असला की माणसाला या खुणा वाचायला सवड होत नाही.

आपल्या दगडासारख्या गौण खनिजातही तसंच घडत आलं आहे. पाच हेक्टरांखालच्या लहान खाणींना पर्यावरण मंजुरी लागत नाही असं सगळे धरून चालले होते. २७ फेब्रुवारी २०१२ ला दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की लहान पट्ट्यालाही ती लागेल. २०१६ मध्ये केंद्राने जिल्हा पातळीवर मंजुरीची सोय केली. २०१८ मध्ये हरित लवादाने त्या सोयीवरच बोट ठेवलं. २०२३ मध्ये केंद्राने सांगितलं, की जिल्ह्याने दिलेल्या मंजुऱ्या राज्य प्राधिकरणाकडून पुन्हा तपासून घ्या. या मधल्या काळात नियमाने वागलेल्या खाणवाल्यांचीही धावपळ झाली.

म्हणून महिन्यातून एक दिवस वाचनाला दे. लवादात कुठलं प्रकरण चालू आहे, राज्याने कुठला मसुदा हरकतींसाठी काढला आहे, शेजारच्या तालुक्यात कुणाला नोटीस गेली आहे, आपल्या ग्रामसभेत कुणी काय विचारलं, हे टिपून ठेव. नियम दोन तऱ्हेने वाचता येत असेल तर जड बाजूचा अर्थ धरून काम कर. आज चार पैसे जास्त जातील, पण उद्याचा निकाल तुझ्या अंगावर येणार नाही.

३. हद्दीचे दगड रोज बघ

बळ्ळारी, चित्रदुर्ग आणि तुमकूरच्या खाणींचं काय करायचं हे ठरवताना न्यायालयाच्या केंद्रीय समितीने प्रत्यक्ष मोजणी करून त्यांचे अ, ब, क असे तीन वर्ग केले. ज्यांनी हद्दीबाहेर पाय टाकला नव्हता किंवा नावापुरताच टाकला होता, ते अ वर्गात गेले आणि त्यांना सुरू करायची वाट आधी मोकळी झाली. ज्यांचे खड्डे मंजूर क्षेत्राच्या दहा टक्क्यांपर्यंत, किंवा मातीचे ढिगारे पंधरा टक्क्यांपर्यंत बाहेर गेले होते, ते ब वर्गात गेले. त्यांना हेक्टरी कोटींच्या हिशेबात भरपाई द्यावी लागली आणि जमीन पूर्ववत करण्याचा आराखडा अमलात आणावा लागला. त्याहून पुढे गेलेले क वर्गात गेले. १८ एप्रिल २०१३ च्या निकालाने त्या ४९ खाणींचे पट्टे रद्द झाले.

ध्यानात घे, बंदी सगळ्यांवर सरसकट आली होती. कुणी लवकर उठायचं, कुणी दंड भरून उठायचं आणि कुणी कधीच उठायचं नाही, हे ठरवलं ते आधी खणलेल्या खड्ड्याच्या कडांनी. पोकलेनचा चालक दगड चांगला लागतो आहे म्हणून चार हात पुढे सरकतो, त्याला वाईट हेतू लागत नाही. तेव्हा भूमी अभिलेखची मोजणी करून हद्दीच्या खुणा काँक्रीटच्या कर, त्यांना रंग दे आणि चालकांना त्या पायी फिरून दाखव. वर्षातून एकदा स्वखर्चाने ईटीएस यंत्राने मोजणी करून घे. सरकारी मोजणी येईल तेव्हा ती आपल्या मोजणीशी ताडून पाहता आली पाहिजे. मातीचा ढिगाराही हद्दीतच टाक. बळ्ळारीत ढिगाऱ्यांनीही खाणी अडकवल्या.

४. परिमाण ओलांडू नकोस, पावतीशिवाय ब्रास हलवू नकोस

ओडिशातल्या खाणींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०१७ ला ठरवलं, की पर्यावरण मंजुरीपेक्षा जास्त काढलेलं खनिज बेकायदाच आणि त्याची शंभर टक्के किंमत वसूल होईल. नफ्यातला वाटा नव्हे, सबंध किंमत. आपल्याकडेही जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) खाली बेकायदा गौण खनिजाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, आणि वाहन जप्त होतं ते वेगळंच. एका हंगामात जास्त काढलेली खडी पुढच्या अनेक हंगामांची कमाई घेऊन जाऊ शकते.

उलट बाजूही सांगतो. २०१८ मध्ये गोव्याच्या खाणी थांबल्या तेव्हा काढून ठेवलेला बराच माल खाणींवर आणि जेटींवर पडून होता. ३० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने त्यातला रॉयल्टी भरलेला माल हलवायला सहा महिन्यांची मुभा दिली. ज्यांचं चलन, वजन आणि ढीग यांचा मेळ बसत होता, त्यांच्या हाती बंदीच्या काळात पैसा आला.

तुझ्या क्रशरवर सूनबाई हिशेब बघणार आहे, तिला हे सांग. रोज संध्याकाळी तीन आकडे जुळले पाहिजेत: खाणीतून आलेला डबर, ढिगात असलेली खडी आणि वाहतूक पासावर गेलेले ब्रास. शंभर घनफुटांचा ब्रास डंपरच्या हौद्यात कसा मोजायचा यावर ड्रायव्हरशी वाद होतील, म्हणून वजनकाटा लाव. पाससोबत काट्याची पावती ठेव. ओळखीच्या माणसाची निकड असली तरी पासाशिवाय गाडी फाटकाबाहेर पडू देऊ नकोस.

५. रोकड धर, आणि बंदीबरोबर मंदीही येते हे ध्यानात ठेव

गोव्यात सगळ्यात जास्त भरडले गेले ते कर्ज काढून ट्रक आणि बार्ज घेतलेले लोक. तेजीच्या वर्षांत एकेका घराने दोन-दोन, तीन-तीन ट्रक घेतले. काम थांबलं, हप्ते थांबले नाहीत. राज्य सरकारला त्यांच्यासाठी कर्जमदतीची योजना काढावी लागली. खाणमालकांचे दुसरे उद्योग होते. ट्रकवाल्याकडे फक्त ट्रक होता.

शिवाय ज्या दिवशी बंदी उठते त्या दिवशी धंदा जागेवर सापडतोच असं नाही. न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत खाणकामाला वाट करून दिली. प्रत्यक्ष खाणी पुन्हा चालू होईपर्यंत जगाचा बाजार कोसळला होता. २०११ मध्ये टनाला १८० डॉलरच्या वर गेलेलं लोहखनिज २०१५ च्या डिसेंबरात ४० डॉलरच्या खाली आलं. कराचा फटकाही असाच न सांगता येतो. मे २०२२ मध्ये केंद्राने लोहखनिजावर ५० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि नोव्हेंबरात बऱ्याच अंशी काढून घेतलं. त्या सहा महिन्यांत ज्याच्याकडे माल थांबवून ठेवण्याची ताकद होती तो वाचला.

मोठ्या कंपन्याही याच दोरीवर चालतात. पनामाच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये कोब्रे पनामा या तांब्याच्या खाणीचा करार घटनाबाह्य ठरवला आणि खाण बंद झाली. फर्स्ट क्वांटम या कॅनडाच्या कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्या एका खाणीतून येई. कंपनीने लाभांश थांबवला, नवे समभाग विकून एक अब्ज डॉलरहून जास्त भांडवल आणलं, कर्जाच्या मुदती वाढवून घेतल्या आणि चीनमधल्या ग्राहकाकडून पुढे द्यायच्या तांब्यापोटी ५० कोटी डॉलर आगाऊ घेतले. झांबियातल्या तिच्या खाणी चालू होत्या, म्हणून लोकांनी तिला पैसे दिले.

तुला समभाग विकता येणार नाहीत. तुझा आधार म्हणजे बाजूला ठेवलेली रक्कम. सहा महिन्यांचे हप्ते, पगार आणि वीजबिल भागेल इतकी रक्कम वेगळ्या खात्यात असल्याशिवाय दुसरा डंपर घेऊ नकोस. डिंभे धरण पावसाळ्यात भरतं म्हणून पारगावच्या उसाला उन्हाळ्यात पाणी मिळतं. पैशाचंही तसंच आहे, तेजीतच साठवावा लागतो.

६. दुसरा पाय रोव, पण तो वेगळ्या जमिनीवर

सेसा गोवा कंपनीच्या खाणी गोव्यातही होत्या आणि कर्नाटकात चित्रदुर्गलाही. वरवर पाहता धोका वाटून घेतलेला होता. पण २०११ मध्ये कर्नाटक थांबलं आणि २०१२ मध्ये गोवा. दोन राज्यं असली तरी खनिज एकच, ग्राहक तेच आणि आरोपही तेच. बंदीतही चालू राहिला तो आमोण्याचा कच्च्या लोखंडाचा कारखाना, कारण त्याला माल बाहेरून आणता आला. डेंपो घराण्याने २००९ मध्येच आपला खाण व्यवसाय सेसाला विकला होता. काही घराण्यांची हॉटेलं होती, काहींच्या जहाजबांधणीच्या गोद्या. कामगारांना सांभाळणं त्यांना त्यामानाने सोपं गेलं.

तेव्हा दुसरी दगडखाण घेऊन धोका वाटला असं समजू नकोस. पेव्हिंग ब्लॉक, सिमेंटचे पाइप, तयार काँक्रीट असं काहीतरी उभं कर, जे गरज पडल्यास दुसऱ्याची खडी विकत घेऊनही चालेल. शेती सोडू नकोस. ऊस आणि कांद्याने आपलं घर आजवर तारलं आहे.

आता सगळे कृत्रिम वाळूबद्दल बोलतात. २०२५ मध्ये राज्याने तिचं धोरण आणलं आहे आणि घोड-कुकडी नद्यांच्या वाळूवर जेवढा कमी बोजा पडेल तेवढं मला बरंच वाटतं. यंत्र जरूर बघ. पण धोरणातल्या सवलतीवर विसंबून कर्ज काढू नकोस. २०२३ च्या एप्रिलमध्ये सरकारने डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचं धोरण आणलं, २०२५ मध्ये डेपो मोडून लिलाव परत आणले. सवलत धरली नाही तरी जे यंत्र आपला खर्च भागवतं, तेच विकत घे.

७. गाव सोबत नसेल तर परवाना अपुरा आहे

नोटीस निघते कुठून ते पाहा. बहुतेक वेळा सुरुवात एखाद्या शेतकऱ्याच्या अर्जाने होते: कांद्याच्या पातीवर धूळ बसली, सुरुंगाने भिंतीला तडा गेला, विहिरीचं पाणी खाली गेलं. तो अर्ज सहा महिने कुणी वाचत नाही, मग त्याचं लवादातलं प्रकरण होतं. ज्या दिवशी तो माणूस पहिल्यांदा तक्रार करतो त्या दिवशी त्याच्या बांधावर जा. तडा खरा असेल तर दुरुस्त करून दे, आणि सुरुंगाचं माप कमी कर.

गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचा लोहखनिजाचा पट्टा लॉइड्स कंपनीला २००७ मध्ये मिळाला. माओवाद्यांचा हिंसाचार आणि स्थानिकांचा विरोध यांत काम वर्षानुवर्षं अडलं. डिसेंबर २०१६ मध्ये एका हल्ल्यात तिथली कितीतरी वाहनं जाळली गेली. २०२१ नंतर काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं, कंपनीने स्थानिक तरुणांना कामावर घेतलं, कोनसरीला कारखाना आणला, कामगारांना कंपनीचे समभाग देऊ केले. रोजगाराने बरीच घरं जोडली गेली हे खरं. तिथल्या ठाकूरदेवाच्या डोंगरावर खाण नको म्हणणाऱ्या ग्रामसभांचा सवाल मात्र अजून उभाच आहे, आणि तो रास्त आहे. नोकरी देऊन माणूस जोडता येतो, पण ज्याचं देवस्थान किंवा पाणी गेलं त्याची भरपाई नोकरीने होत नाही.

तू हे कर: क्रशरला पत्र्याचं आच्छादन, पाण्याचे फवारे, वाऱ्याच्या बाजूला भिंत आणि झाडं. प्रदूषण मंडळाची अट म्हणून नव्हे, शेजाऱ्याच्या पिकासाठी. सुरुंगाची वेळ ठरलेली असू दे आणि ती शाळेला, वस्तीला माहीत असू दे. साखर कारखान्याच्या हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, त्या वेळी डंपर सोडू नकोस. ग्रामसभेला दर वर्षी स्वतःहून हिशेब सांग: किती ब्रास काढले, किती रॉयल्टी भरली, कुणाला कामावर घेतलं. ज्याने आधी सांगितलेलं असतं, त्याच्यावर बंदीच्या दिवशी लोक विश्वास ठेवतात.

८. एका पुढाऱ्याच्या छायेत उभा राहू नकोस

गोव्यात मार्च २०१२ मध्ये सत्ता बदलली आणि सप्टेंबरात नव्या सरकारने खाणी थांबवल्या. जुन्या सरकारातल्या ओळखी तेव्हा कुणाच्या कामी आल्या नाहीत. ज्याची ओळख सर्वांत मोठी, त्याच्याकडे नवी मंडळी आधी बघतात. आपल्या भागात सगळे पक्ष एकाच गावात, कधी एकाच घरात असतात. सगळ्यांना नमस्कार कर, कुणाच्या गाडीला फुकट डिझेल आणि कुणाच्या सभेला फुकट डंपर देऊ नकोस. ग्रामपंचायत, साखर कारखाना, सोसायटी यांच्या निवडणुकांत खाणीचा पैसा ओतू नकोस. ज्याच्या विरुद्ध तो ओतशील तो उद्या सरपंच होईल, आणि त्याच्या मनात तुझी खाण राहील.

९. कागद हातात पडला की

पहिल्या तासात काम थांबव. आजची गाडी भरली आहे तेवढी जाऊ दे, असं म्हणू नकोस. थांबल्याची वेळ लिहून काढ, यंत्रांचे आणि खड्ड्याचे फोटो घे, ढिगाची मोजणी करून पंचनामा मागून घे. बंदीनंतर ढीग कमी झाला तर चोरीचा आळ तुझ्यावर येतो.

दुसऱ्या दिवशी नोटीस ओळीओळीने वाच: कुठल्या कलमाखाली आहे, उत्तराला किती दिवस आहेत, अपील कुणाकडे. उत्तर लेखीच दे, आणि मुदतीत. जे चुकलं असेल ते सुधारून त्याचा पुरावा जोड. त्याच आठवड्यात बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना स्वतः जाऊन सांग. हप्ता थकल्यावर जाणाऱ्याचं ऐकलं जात नाही, थकण्याआधी जाणाऱ्याची फेरमांडणी होऊ शकते.

कामगारांना खरं सांग. किती दिवस पूर्ण पगार, किती दिवस अर्धा आणि त्यानंतर काय, हे पहिल्याच बैठकीत मांड. जुने चालक आणि सुरुंगाचा जाणता मिस्त्री गेले की बंदी उठल्यावर काम लवकर उभं राहत नाही. त्यांना पेव्हिंग ब्लॉकच्या कामावर किंवा शेतात घे.

आणि बंद खड्ड्याकडे पाठ फिरवू नकोस. पावसाळ्यात त्यात पाणी साठतं, कडा ढासळतात. सिंधुदुर्गात कळणे इथे जुलै २०२१ मध्ये खाणीतल्या साठलेल्या पाण्याचा बांध फुटून चिखल खालच्या घरांत आणि बागायतीत शिरला. कुंपण, फलक, रखवालदार आणि पंप यांचा खर्च बंदीच्या काळातही चालूच ठेव. एखादं पोर त्या डोहात गेलं तर कुठलाही निकाल तुला वाचवणार नाही, आणि वाचवूही नये.

१०. वाटा द्यावा लागला तर दे

टांझानियाने मार्च २०१७ मध्ये सोन्याच्या सांद्रित खनिजाची निर्यात थांबवली आणि अकेशिया कंपनीवर अब्जावधी डॉलरच्या कराची मागणी लावली. शेवटी तिची मूळ कंपनी बॅरिक पुढे आली. तिने सरकारला खाणींत १६ टक्के वाटा दिला, ३० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं आणि मिळणारा लाभ दोघांनी निम्मा निम्मा घ्यायचं ठरवलं. खाणी पुन्हा चालू लागल्या. गोव्यातही डिसेंबर २०२२ पासून पट्टे लिलावाने गेले आणि जुन्या घराण्यांतल्या काहींनी नव्या, महाग अटींवर बोली लावून ते घेतले. जुने दिवस परत मागत बसलेल्यांपेक्षा बदललेला वाटा मान्य करणारे पुढे गेले. फक्त बोली लावताना मोहात पडू नकोस. रॉयल्टी, पगार आणि गावाचं काम भागून उरेल तेवढीच बोली लाव. जो भागत नसताना पट्टा घेतो, त्याला पुढे चोरी करावीच लागते.

११. काही दगड हलवायचे नसतात

३० जुलै २०१४ ला आपल्याच आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर कोसळला. १५१ माणसं गेली. २०२४ मध्ये त्याच तारखेला वायनाडला दरड आली आणि दुसऱ्या दिवशी केंद्राने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा सहाव्यांदा काढला. त्यात दगडखाणींवर बंदी आहे, आणि चालू खाणीही पाच वर्षांत किंवा पट्टा संपेल तेव्हा, जे आधी येईल तेव्हा, थांबवायच्या आहेत. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली गावं त्यात येतात. अंतिम अधिसूचना रखडते म्हणून तिकडे स्वस्तात पट्टा घे, असं तुला सांगणारे भेटतील. घेऊ नकोस. भीमाशंकरच्या अंगाचा डोंगर पाणी धरतो, त्यावर डिंभे भरतं, त्यावर आपण जगतो. ओढ्याच्या काठचा, टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीवरचा, देवराईतला दगडही तसाच सोडून दे, नियम परवानगी देत असला तरी. नियम आज ना उद्या तिथे पोचतोच, आणि तोवर जे गेलेलं असतं ते परत येत नाही.

एवढं ऐकून तुला वाटेल की काकांना धंदाच नको आहे. तसं नाही. रस्ता, शाळा, धरण सगळ्याला दगड लागतो आणि तो काढणारा माणूस प्रामाणिक असावा असं मला मनापासून वाटतं. गोव्यात बंदीने घरं उघडी पडलेली पाहिली, आणि बंदीआधी उघडे पडलेले डोंगर आणि लाल झालेली शेतंही पाहिली. दोन्हीचं दुःख खरं होतं. दुसरं दुःख टाळलं असतं तर पहिलं बरंच टळलं असतं, म्हणून हे सगळं सांगतो आहे.

क्रशरची पूजा होण्याआधी चार कामं उरक. मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या कर. परवान्यांच्या तारखांचा तक्ता लाव. सहा महिन्यांच्या खर्चाचं खातं उघड, पहिली भर मी घालतो. आणि माळाच्या चारी बाजूंच्या शेतकऱ्यांच्या घरी सूनबाईसह जाऊन ये, त्यांना काय नको आहे ते विचार आणि लिहून आण. ती यादी हातात आली की पूजेचा दिवस काढू.